मेलेला उंदीर, सोन्याचा उंदीर
(मुलांच्या गोष्टींतील व्यापार : एक छोटा अभ्यास)

बी. कॉम., द्वितीय वर्ष

आमच्या घरी लहान मुलाने काही सांडले, फोडले किंवा उलटेपालटे केले की आई विचारते, 'आता काय उद्योग करून ठेवलास?' मराठीत 'उद्योगी' मूल म्हणजे एका जागी न बसणारे मूल. 'नसते उद्योग' म्हणजे घरच्यांच्या डोक्याला ताप. माझ्या वर्गातील कन्नड मित्राच्या घरी मात्र 'उद्योग' याचा अर्थ नोकरी. त्याची आजी 'याला उद्योग कधी मिळणार?' असे विचारते तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे कचेरीतील कायमची खुर्ची असते. आणि आम्हा दोघांनाही कॉलेजात 'उद्योजकता' हा विषय आहे, तोही इंग्रजीतून. एकाच्या घरी उद्योग म्हणजे खोडी, दुसऱ्याच्या घरी उद्योग म्हणजे नोकरी. मग 'उद्योजक व्हा' म्हणून जे सांगितले जाते ते आम्ही कोणाच्या घरी जाऊन शिकावे?

हा प्रश्न मनात घेऊन मी जो थोडासा अभ्यास केला तो येथे मांडत आहे. तो ग्रंथालयात सुरू झाला आणि आमच्या दुकानाच्या गल्ल्यावर संपला.

आमचे किराणा मालाचे दुकान आहे. पुढे दुकान, मागे घर. माझी धाकटी बहीण मराठी शाळेत चौथीत शिकते. गेल्या दसऱ्याच्या सुट्टीत तिला आणि गल्लीतील सहा-सात मुलांना संध्याकाळी गोष्टी सांगायच्या असे मी ठरवले. सगळ्या गोष्टी व्यापाराच्या. माझा हेतू फारसा निःस्वार्थी नव्हता. परीक्षेत 'उद्योजकाचे गुण' लिहावे लागतात, ते गोष्टींच्या निमित्ताने पाठ होतील असा माझा हिशेब होता.

सातूचे मडके

पहिली गोष्ट आठवली ती पंचतंत्रातील. ती आपण सर्वांनी शाळेत ऐकली आहे. स्वभावकृपण नावाचा ब्राह्मण भिक्षेत मिळालेले सातूचे पीठ मडक्यात साठवतो, मडके खुंटीला टांगतो आणि त्याखाली खाट टाकून पडल्या पडल्या विचार करतो. दुष्काळ पडला की या पिठाचे शंभर रुपये येतील, त्यांच्या दोन शेळ्या घेईन, शेळ्यांच्या गाई, गाईंच्या म्हशी, म्हशींच्या घोड्या, मग सोने, घर, लग्न, मुलगा. शेवटी स्वप्नातल्या बायकोला लाथ मारायला जातो, लाथ मडक्याला लागते आणि पिठाने तो पांढराफटक होतो.

ही गोष्ट माझ्या चांगली लक्षात राहण्याचे कारण वेगळे आहे. पाचवीत असताना 'मोठेपणी कोण होणार?' या प्रश्नाला मी 'आमच्या एका दुकानाची तीन दुकाने करणार' असे उत्तर दिले होते. वर्गात हशा पिकला. गुरुजींनी हीच गोष्ट सांगितली आणि पुढे वर्षभर मुले मला 'शेखमहंमद' म्हणत. तेव्हापासून मला वाटत आले की आपल्याकडे गरिबाच्या मुलाने हिशेब मांडला की त्याला मनोरथ म्हणतात.

आता वाणिज्याचा विद्यार्थी म्हणून ती गोष्ट पुन्हा वाचली तेव्हा दिसले, की ब्राह्मणाचा गुन्हा स्वप्न पाहण्याचा नव्हता. त्याची साखळी फारशी चुकीचीही नाही. छोट्या भांडवलातून मोठे भांडवल असेच होते. त्याची चूक अशी की सर्व मालमत्ता एकाच मडक्यात आणि ते मडके स्वतःच्याच पायांच्या टप्प्यात! शिवाय मडके टांगल्यापासून फुटेपर्यंत तो खाटेवरून उठलेलाच नाही. बाजारात गेला नाही, कोणाशी बोलला नाही, कोणाच्या उपयोगी पडला नाही. दुष्काळ येईल आणि आपले भले होईल एवढीच त्याची योजना. ही शेवटची गोष्ट मुलांना सांगताना माझ्याही ध्यानात आली नव्हती. ती पुढे आली.

याच पंचतंत्राच्या आरंभी महिलारोप्य नगरातील वर्धमान नावाचा व्यापारी पैसा मिळवण्याचे मार्ग मोजतो. भिक्षा, राजसेवा, शेती, विद्या, सावकारी आणि व्यापार. त्यांत व्यापार श्रेष्ठ ठरवतो. मग व्यापाराचे सात प्रकार सांगतो. सुगंधी द्रव्यांचा व्यवहार, ठेवी ठेवून घेणे, ओळखीच्या गिऱ्हाइकाचे येणे, परदेशातून माल आणणे अशांच्या रांगेतच तो खोटी खरेदी-किंमत सांगणे आणि खोटी वजनेमापे वापरणे हेही दोन प्रकार सांगून टाकतो. मुलांसाठी काढलेल्या ज्या आवृत्त्या मी चाळल्या त्यांत ही यादी नाही. सिंह आणि बैल आहेत, वजनकाटा गेला आहे. दुर्गसिंहाने १०३१ च्या सुमारास, चालुक्यांच्या काळात, वसुभागाच्या पाठावरून कन्नडमध्ये पंचतंत्र आणले. म्हणजे आमच्या नियतकालिकाच्या दोन्ही विभागांचा या ग्रंथावर सारखाच हक्क आहे.

मेलेला उंदीर

दुसरी गोष्ट मला अधिक आवडली. ती सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त आहे. हा ग्रंथ अकराव्या शतकात काश्मीरात लिहिला गेला, पण त्याचे मूळ म्हणजे गुणाढ्याची पैशाची भाषेतील 'बृहत्कथा', आणि गुणाढ्याची कथा जोडलेली आहे आपल्या पैठणच्या सातवाहनांशी. गुणाढ्य नगरात हिंडत असताना व्यापारी आपापल्या बढाया सांगत बसलेले त्याला दिसतात. त्यांतला एक म्हणतो, पैशाने पैसा मिळवण्यात काय नवल? मी पैशावाचून मिळवला आहे.

तो आपली हकिकत सांगतो. त्याच्या जन्मापूर्वीच वडील वारले. भाऊबंदांनी सर्व मालमत्ता बळकावली. आईने पतीच्या मित्राकडे आसरा घेतला, मोलमजुरी करून मुलाला वाढवले आणि एका उपाध्यायाची विनवणी करून त्याला लिहिणे व हिशेब शिकवले. मग ती म्हणाली, तू वाण्याचा मुलगा आहेस, व्यापार कर. विशाखिल नावाचा धनिक चांगल्या घरच्या गरीब मुलांना भांडवल देतो, त्याच्याकडे जा.

मुलगा गेला तेव्हा विशाखिल दुसऱ्याच एका तरुणावर चिडला होता. जमिनीवर पडलेल्या मेलेल्या उंदराकडे बोट दाखवून तो म्हणत होता, हुशार माणूस एवढ्यावरसुद्धा पैसा उभा करील. तुला दीनार दिले ते वाढवणे राहोच, तुला राखताही आले नाहीत. हा मुलगा पुढे झाला आणि म्हणाला, हा उंदीर मी भांडवल म्हणून घेतो. त्याने उंदीर उचलला, रीतसर पावती लिहून दिली आणि निघाला. विशाखिल हसला.

उंदीर एका वाण्याने मांजरासाठी घेतला आणि दोन ओंजळी हरभरे दिले. मुलाने ते दळले, पाण्याची घागर घेतली आणि गावाबाहेर चौकात सावलीला उभा राहिला. मोळ्या घेऊन दमून येणाऱ्या लाकूडतोड्यांना त्याने नम्रपणे पीठ आणि थंड पाणी दिले. प्रत्येकाने प्रेमाने दोन-दोन लाकडे दिली. ती विकून थोड्या पैशांचे पुन्हा हरभरे. असे रोज. काही भांडवल जमल्यावर त्याने तीन दिवस लाकूडतोड्यांकडची सगळी लाकडे विकत घेतली. तेवढ्यात अचानक जोराचा पाऊस लागला, गावात लाकडांची टंचाई झाली आणि त्याला शेकडो पण मिळाले. त्या पैशाने दुकान घातले, भरभराट झाली. तेव्हा त्याने सोन्याचा उंदीर घडवून विशाखिलाला नेऊन दिला. विशाखिलाने त्याला आपली मुलगी दिली. लोक त्याला 'मूषक' म्हणू लागले.

या गोष्टीत आमच्या विषयातले सगळे धडे आहेत. पहिले भांडवल आईचे आहे : अक्षर आणि हिशेब. दुसरे भांडवल म्हणजे पत. कोणी न पाहिलेल्या मेलेल्या उंदराचीही तो पावती लिहून देतो, म्हणजे 'मी तुमचे देणे लागतो' हे आधीच मान्य करतो. भांडवल शब्दाची गंमत अशी की कन्नडमध्येही तो 'बंडवाळ' म्हणून आहे. मात्र कन्नडात 'साल' म्हणजे कर्ज आणि 'नष्ट' म्हणजे तोटा. माझा मित्र म्हणतो, 'तुमच्या मराठीत तोटा झाला तरी माणूस शिल्लक राहतो, आमच्याकडे नष्टच!'

हीच कथा आणखी जुन्या रूपात बौद्ध जातकांत आहे. चौथे जातक, चुल्लकसेट्ठि. तेथे काशीचा तरुण उंदीर विकून गूळ घेतो आणि रानातून परतणाऱ्या फुले तोडणाऱ्यांना गूळ-पाणी देतो. पुढे वादळात राजाच्या बागेत पडलेल्या फांद्या तो खेळणाऱ्या मुलांना गूळ देऊन गोळा करवतो आणि कुंभाराला जळण म्हणून विकतो. पाचशे गवत कापणाऱ्यांना पाणी पाजतो. मग पाचशे घोडे घेऊन व्यापारी येणार अशी आगाऊ बातमी कळताच प्रत्येकाकडून गवताची एकेक पेंढी मागून घेतो आणि माझे गवत विकले जाईपर्यंत तुमचे विकू नका असे सांगतो. त्याला हजार नाणी मिळतात. शेवटी बंदरात आलेल्या जहाजाचा सगळा माल केवळ अंगठी गहाण ठेवून तो आधी आरक्षित करतो आणि लक्षावधी कमावतो. आगाऊ माहिती, मक्तेदारी, उधारीवरची खरेदी, सर्व काही आले.

तिसरा रकाना

मुलांना मूषकाची गोष्ट भलतीच आवडली. दुसऱ्या दिवशी मी त्यांना रोजमेळ मांडायला लावला. वहीच्या पानावर दोन रकाने : काय मिळाले, किती मिळाले. मग मला सुचले म्हणून तिसरा रकाना वाढवला : कोणी दिले आणि का दिले.

पहिली ओळ सोपी. हरभरे, दोन ओंजळी, वाण्याने दिले, कारण त्याच्या मांजराला जेवण मिळाले. दुसरी ओळही सोपी. लाकडे, प्रत्येकी दोन, लाकूडतोड्यांनी दिली, कारण तहान भागली. तिसऱ्या ओळीला मुले थांबली. शेकडो पण, गावातल्या लोकांनी दिले, कारण...

'कारण पाऊस होता,' एक मुलगा म्हणाला.

माझी बहीण म्हणाली, 'कारण त्यांना दुसरीकडे मिळालंच नसतं. दादा, ज्यांच्याकडे तेवढे पैसे नव्हते त्यांनी चूल कशी पेटवली?'

मी पुस्तकात पाहिले. सोमदेवाने ते लिहिलेले नाही. मी काही उत्तर दिले नाही. खरे म्हणजे त्या प्रश्नाने मला दुसराच पाऊस आठवला.

मेणबत्त्या

२०१९ च्या ऑगस्टमध्ये बेळगाव जिल्ह्यात महापूर आला. शहरातही सखल भागात पाणी शिरले. आमच्या भागात वीज गेली ती लवकर आली नाही. बाबा माल आणायला गेले होते, ते रस्ते बंद झाल्यामुळे अडकले. मी तेव्हा चौदा वर्षांचा. दुकान मी सांभाळले. पाच रुपयांची मेणबत्ती मी दहा रुपयांना विकली. कोणी घासाघीस केली नाही. कोपऱ्यावरच्या काकूंनी दोन घेतल्या, वीस रुपये ठेवले, माझ्याकडे एकवार पाहिले आणि गेल्या. मला स्वतःचा अभिमान वाटला. 'शेखमहंमद' म्हणणाऱ्यांना दाखवावे असे वाटले.

बाबा तिसऱ्या दिवशी आले. मी गल्ला दाखवला. ते रागावले नाहीत. म्हणाले, 'मेणबत्त्या किती खपल्या?' मी म्हटले, चाळीस. 'कोणाकोणाला?' एकेक नाव आठवून त्यांनी कागदावर लिहायला लावले. तेहेतीस मेणबत्त्यांचा हिशेब लागला. मग प्रत्येक घरी जाऊन जादा घेतलेले पाच-पाच रुपये मला परत द्यावे लागले. बाबा दारापर्यंत आले, बोलायचे मात्र मीच. काकूंनी दहा रुपये घेतले आणि म्हणाल्या, 'बस, चहा घे.' त्या चहाइतका अवघड चहा मी पुन्हा कधी घेतला नाही.

मूषकाची गोष्ट मी मुलांना सांगितली तेव्हा ही हकिकत सांगितली नव्हती. बहिणीने प्रश्न विचारल्यावर सांगितली. ती तेव्हा फार लहान होती, तिला माहीत नव्हती.

मग मूषक दोषी का?

हा प्रश्न मी माझ्या कन्नड मित्राला घातला. तो अर्थशास्त्रात माझ्यापेक्षा हुशार आहे. त्याचे म्हणणे असे : मूषकाने लाकडे साठवली नसती तर त्या पावसात गावात लाकूडच नसते. भाव चढतो तो टंचाई आहे हे सांगण्यासाठी. चढा भाव पाहूनच दुसरा कोणी तरी लांबून लाकडे आणतो. शिवाय पाऊस 'अचानक' आला. तो आला नसता तर तीन दिवसांची लाकडे मूषकाच्या गळ्यात पडली असती. जोखीम त्याने घेतली, मोबदला त्याला मिळाला.

हे म्हणणे मला पटते, आणि त्यामुळेच तीन माणसांतला फरक मला स्पष्ट दिसू लागला. मडकेवाला ब्राह्मण खाटेवर पडून दुष्काळाची वाट पाहतो. त्याची जोखीम नाही, सेवाही नाही. मूषकाने आधी तहानलेल्यांना पाणी पाजले, मग स्वतःचे सगळे भांडवल घालून माल घेतला, आणि संकट त्याला न मागता आले. मी मात्र जुन्या भावाने आलेल्या, फळीवर आधीच असलेल्या मेणबत्त्यांचा भाव वीज गेल्यावर वाढवला. माझी जोखीम शून्य, सेवा शून्य. चढा भाव पाहून नवा माल येण्याचाही संभव नव्हता, कारण रस्तेच बंद होते. मी मूषक नव्हतो, खाटेवरचा ब्राह्मणच होतो. फक्त माझे मडके फुटले नाही इतकेच.

काशीच्या तरुणाच्या गवतापाशी मी आणि मित्र दोघेही अडलो. तो नुसता साठा करत नाही, दुसऱ्यांना विकू नका म्हणतो. गवतवाल्यांनी पेंढी दिली ती उपकाराची फेड म्हणून. मग ते पाणी सेवा होती की गुंतवणूक? यावर आमचे एकमत झाले नाही. मला वाटते, मुलांपुढे हा प्रश्न तसाच ठेवावा. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना तो कळतो, हे मी पाहिले आहे.

एक कोंबडी आणि आपली भिशी

परदेशांत मुलांसाठी उद्योजकतेची खास पुस्तके निघतात. जॅकलीन डेव्हिस यांच्या २००७ च्या 'द लेमोनेड वॉर'मध्ये भाऊ आणि बहीण लिंबूसरबत विकण्याची चढाओढ करतात आणि प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला एक व्यापारी संज्ञा समजावून दिलेली असते. क्लृप्ती चांगली आहे. पण मला अधिक भिडले ते केटी स्मिथ मिलवे यांचे २००८ चे 'वन हेन'. घाना देशातील कोजो या मुलाचे वडील वारलेले असतात आणि शाळा सोडून तो आईबरोबर लाकूडफाटा विकतो. गावातील कुटुंबे पैसे एकत्र जमवतात आणि पाळीपाळीने एकेका घराला कर्ज देतात. कोजोच्या आईची पाळी येते तेव्हा ती गाडी घेते आणि उरलेली चार नाणी कोजोला देते. त्याची तो एक कोंबडी घेतो. अंडी विकून कर्ज फिटते, कोंबड्या वाढतात, शाळेची फी भरली जाते आणि पुढे मोठे कुक्कुटपालन उभे राहते. ही कथा घानातील क्वाबेना डार्को यांच्या जीवनावर आधारलेली आहे.

हे वाचताना मला हसू आले. गावातील कुटुंबांची ती योजना म्हणजे सरळसरळ आपली भिशी! आमच्या गल्लीत दर महिन्याला बायका भिशी लावतात. त्याच पैशातून कोणी शिलाई यंत्र घेतले आहे, कोणी म्हैस. त्यांच्यावर मराठीत किंवा कन्नडमध्ये मुलांचे पुस्तक माझ्या पाहण्यात नाही. आणि कोजोची गोष्ट मूषकाच्या गोष्टीची जणू धाकटी बहीण. येथेही वडील नाहीत, आई आहे, लाकडे आहेत आणि लहानसे कर्ज आहे. फरक असा की कोजोला पावसाच्या टंचाईची गरज पडत नाही. त्याच्या रोजमेळाच्या तिसऱ्या रकान्यात प्रत्येक ओळीपुढे कोणाचे तरी काम झालेले दिसते.

समारोप

थोडक्यात, मुलांना व्यापाराच्या गोष्टी जरूर सांगाव्यात. सातूच्या मडक्याची एकच गोष्ट सांगून गरिबाच्या मुलाचा हिशेब हसण्यावारी नेऊ नये. पण मूषकाची गोष्ट सांगताना 'बघा, किती हुशार!' म्हणून पुस्तक मिटूही नये. नफा किती झाला हे सांगून गोष्ट अर्धीच होते. तो कोणी दिला आणि का दिला, हे विचारल्यावर ती पुरी होते. आमच्या पाठ्यपुस्तकात उद्योजकाचे गुण क्रमाने दिले आहेत : जोखीम घेण्याची तयारी, दूरदृष्टी, कल्पकता, चिकाटी. ते सर्व मूषकात आहेत. पण त्याची गोष्ट जिने सुरू होते आणि जिने संपते ती पावती त्या यादीत नाही. घेतलेले देणे त्याने लिहून ठेवले, आणि विशाखिल विसरला असता तरी तो विसरला नाही.

शेवटी त्या चाळीस मेणबत्त्यांबद्दल. तेहेतिसांचा हिशेब लागला, पण सात मेणबत्त्या ज्यांनी नेल्या ते अनोळखी होते. त्यांचे पस्तीस रुपये आम्ही देणे लागतो. बाबांनी त्या वर्षीच्या वहीत 'मेणबत्ती गिऱ्हाईक, नाव माहीत नाही, देणे रु. ३५' अशी नोंद केली. दर दिवाळीच्या पाडव्याला नवी वही घालताना ती ओळ मागील वहीवरून पुढे ओढली जाते. गेल्या पाडव्याला ती माझ्या बहिणीने आपल्या अक्षरात लिहिली. रक्कम लिहून झाल्यावर तिने पुढे मोकळ्या जागेत एक छोटासा उंदीर काढला. बाबांनी तो खोडला नाही.